वाटीतले तुरीचे दाणे

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात तयार कृतिसंशोधन मिळतं, म्हणजे शिक्षिकेने आपल्याच वर्गातली अडचण शोधून, उपाय करून बघून लिहायचा अभ्यास. नाव, गाव आणि पटसंख्या तेवढी बदलायची. बालशिक्षणाच्या पदविकेला आमच्या तुकडीतल्या दोघीतिघींनी ते घेतलंही. मीसुद्धा घेणार होते, पण त्या प्रतीतली मुलं नारळाच्या झावळ्यांनी खेळघर शाकारत होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्याही पुढे. इथे झावळ्या कुठून आणू? नाइलाजाने स्वतःच करायला बसले.

नुसती समस्या लिहिण्यात दोन आठवडे गेले. पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘अंगणवाडीतील बालकांच्या सर्वांगीण विकासातील अडचणी’. मार्गदर्शक मॅडमनी तो परत केला. म्हणाल्या, “हे मंत्रालयाचं काम झालं. तुमच्या खोलीत उद्या सकाळी तुम्हाला काय बदलता येईल, ते लिहा.” कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली मांडलेली कृतिसंशोधनाची पद्धत त्यांनी दोन ओळींत सांगितली: आखायचं, करायचं, काय झालं ते बघायचं, आणि त्यावरून पुन्हा आखायचं.

मग विषय ठरला. चित्रगप्पांच्या वेळी मुलं आपणहून बोलत नाहीत. पटावर तेवीस, त्यातली चार-पाच वर्षांची आठ निवडली. परिकल्पना अशी की चित्रं मोठी आणि नवी असली तर मुलं बोलतील. पदरचे पैसे घालून भाज्यांचे, जनावरांचे तक्ते आणले.

मोजायचं कसं, हा खरा पेच. एवढ्या लहान मुलांची लेखी चाचणी घेता येत नाही, आणि मी वही उघडली की सगळे वहीतच डोकावतात. शेवटी मांडीजवळ दोन वाट्या ठेवल्या. न विचारता कोणी बोललं की तुरीचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. कोण बोललं ते मदतनीस मावशी दाराशी बसून टिपायच्या. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत चार-पाच दाणे. नवे तक्ते लावल्यावर दोन दिवस जरा वाढले, तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

मॅडम म्हणाल्या, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ऐकायला बसले. वीस मिनिटं मीच बोलत होते. मध्ये एक पोरगा म्हणतो, “सांभार!” माझा आवाज येतो, “सांभार नाही, कोथिंबीर म्हण.” कोणीतरी “भेदरं” म्हणतं. “टोमॅटो.” “आलू.” “बटाटा.” त्यापुढे कोणी काहीच बोलत नाही. मी प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देते. गंमत म्हणजे घरी मीसुद्धा सांभारच म्हणते. आमच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर भाजीवाली आधी माझ्या तोंडाकडे बघेल.

परिकल्पना खोडली. खोडायला लाज वाटत होती, पण मॅडम म्हणाल्या की खोडलेलीही अहवालात येऊ द्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं १९७०च्या दशकातलं काम त्यांनी सांगितलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि लांब बोलतात. म्हणून दोन नियम केले. मुलाचा शब्द दुरुस्त करायचा नाही, आणि विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचं. माझी जीभ पहिले चार दिवस दोनवरच सुटायची.

एवढ्यात कापसाची वेचणी लागली. आया सकाळीच वावरात, लेकरं त्यांच्यासोबत. आठातली चारच यायला लागली आणि माझं कोष्टक कोलमडलं. तेव्हा तारा‌बाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कुरणशाळेची गोष्ट मॅडमनी काढली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. मग दोन रविवार मीही धुऱ्यावरच्या निंबाखाली जाऊन बसले. तक्ता नाही, काही नाही. बोंड, लाल्या, अळी, कोणाच्या बैलाने कोणाची पऱ्हाटी खाल्ली, सगळं निघालं. एका पोट्ट्याने तर किलोमागे त्याच्या आईला किती वेचाई मिळते आणि काटा कसा मारतात तेही सांगितलं. दाणे संपले. पण हे आकडे मी वेगळ्या तक्त्यात ठेवले. जागाच बदलली होती, माझ्या नियमांचं श्रेय त्यात किती, कसं सांगणार?

एका आईला हे पटलं नाही. “बाई, पोट्टे चांगलं बोलाले शिकतीन म्हणून पाठवतो, हे तं घरचंच बोलून राह्यले.” तिचं चुकत नव्हतं. पुढे पहिलीच्या पुस्तकात कोथिंबीरच येणार. त्यानंतर मी म्हणायला लागले, “हो, सांभार. पुस्तकात याला कोथिंबीर म्हणतात,” आणि पुढे जायचे. मुलांकडून ते म्हणवून घ्यायचं नाही.

सहा आठवड्यांनी अंगणवाडीतले दाणे बारा-तेरावर आले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “नमुना एवढा लहान?” मी म्हटलं, “सर, माझी खोलीच तेवढी आहे.” ते हसले. गुण बरे मिळाले.

आठांपैकी एका मुलीचा रकाना मात्र शेवटपर्यंत कोरा. ती पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, “घरी तं तोंड बंद नाई होत तिचं.” घरी म्हणजे कोलामीत, त्यांच्या भाषेत. सांभार चालेल म्हणून मी खूश होते, पण तिच्यासाठी सांभार आणि कोथिंबीर दोन्ही परकेच. तो रकाना अहवालात तसाच छापला. तिची मोठी बहीण चौथीत आहे. शाळा सुटल्यावर ती अंगणवाडीत येते आणि मला दिवसाला दोन कोलामी शब्द शिकवते. माझा उच्चार चुकला की ती धाकटी हसते. त्याला दाणा टाकायचा का, ते अजून ठरवलं नाही.