आधी गुलाबी दगड, मग काळा: डोंगरी बुजुर्ग आणि मनसरची फील्ड

पुण्यात जिऑलॉजी शिकणाऱ्याचं एक दुखणं असतं. बेसाल्ट पाहून पाहून दगड म्हणजे काळा, आडवा आणि थरावर थर, असंच डोक्यात बसतं. नागपूर-भंडाऱ्याकडचं मॅंगनीज ज्यात सापडतं त्या ‘सॉसर ग्रुप’ या जुन्या खडकांच्या गटातल्या फॉर्मेशन्सची, म्हणजे थरांची, नावं आम्ही परीक्षेपुरती घोकली होती: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवाणी, बिछुआ. ही सगळी खरीखुरी गावं आहेत, त्यांतल्या काहींची पाटी एसटीतून दिसते, हे मात्र एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी जानेवारीत तिथे गेल्यावर कळलं.

आम्ही चौदा मुलंमुली आणि दोन सर. रात्रीच्या गाडीने नागपूर, स्टेशनबाहेर तर्री पोहे, मग हावडा मार्गावरच्या गाडीने तुमसर रोड. हे स्टेशन देव्हाडीला आहे, तुमसर गाव तिथून काही किलोमीटर आत. उतरलो की पोचलो, असं समजू नका. तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच निघतो आणि डोंगरी बुजुर्गला त्यावर स्टेशनही आहे, पण त्या गाड्यांच्या वेळा खाणीच्या वेळांशी जुळत नाहीत. आम्ही दोन जीप ठरवल्या. पैसे वाचवायचे असतील तर जेवणात वाचवा, जीपमध्ये नको.

आमची मोठी चूक झाली ती क्रमाची: आधी खाण पाहिली, मग दगड. तुम्ही उलट करा.

डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण उघडी आहे, म्हणजे बोगद्यांची नाही, वरून खणत नेलेली. वरच्या कठड्यावरून खाली पाहिलं की बेंचांच्या पायऱ्या, त्यांवरून वळणं घेत जाणारा डंपरांचा रस्ता आणि मधोमध तो काळा पट्टा. बेंचवर उतरून पहिला तुकडा उचलला तेव्हा हात खाली गेला. मॅंगनीजचं वजन पुस्तकात वाचून कळत नाही. इथलं बरंचसं खनिज मऊ, बोटं काळी करणारं. रुमालाला लागलं ते अजून गेलेलं नाही. आम्ही सगळे ‘पायरोल्युसाइट, पायरोल्युसाइट’ (मॅंगनीज डायऑक्साइडचं खनिज) म्हणत फोटो काढत सुटलो. सरांनी विचारलं, “हे मूळचं असंच होतं का?” चौदाजणांत एकालाही उत्तर देता आलं नाही.

उत्तर तिसऱ्या दिवशी रामटेकजवळच्या मनसरला मिळालं. जुन्या टाकाऊ दगडांच्या ढिगात एक फिकट गुलाबी-तपकिरी, बारीक दाण्यांचा खडक सापडला. भिंगाखाली पाहिलं तर त्यात क्वार्ट्झ आणि स्पेसार्टिन, म्हणजे मॅंगनीज असलेलं गार्नेट. हा गोंडाइट. लुईस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून हे नाव दिलं. भारतातल्या मॅंगनीजवरचा त्याचा हजाराहून जास्त पानांचा अहवाल 1909 साली निघाला. समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात मॅंगनीजबरोबर चिकणमाती आणि वाळू होती, तिथे उष्णता आणि दाबाखाली गार्नेट तयार झालं. जिथे मॅंगनीज जवळजवळ शुद्ध होतं, तिथे ब्राउनाइटसारखी कठीण, जड खनिजं झाली. पुढे पृष्ठभागाजवळ पावसाच्या पाण्याने ती कुजली आणि त्यांचं मऊ काळं डायऑक्साइड झालं. डोंगरीला आमच्या बोटांना लागलं ते हे, आणि कोरड्या बॅटरीसाठी मागणी असते तीही याच मालाला. गोंडाइट आधी पाहिला असता तर सरांपुढे अशी फजिती झाली नसती.

मनसरला आणखी दोन गोष्टी. थरांच्या घड्या नीट पाहा. एकच पट्टा घडी पडल्यामुळे दोनदा वर येतो, आणि नवख्याला ते दोन वेगळे साठे वाटतात. मला वाटलेच होते, नकाशावर तसे काढलेही होते. दुसरं, कंपासवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. इकडच्या काही मॅंगनीज खनिजांत लोहही असतं आणि ती चुंबकीय असतात. खनिजापासून चार पावलं लांब जाऊन स्ट्राइक, म्हणजे थराची आडवी दिशा, पुन्हा घ्या. आमच्या एका गटाचं दुपारपर्यंतचं मोजमाप यातच वाया गेलं.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन अवशेष आहेत. तिथे हातोडा पिशवीतच ठेवा. चोरबाहुलीकडे पेंचचं जंगल लागतं, तिथेही तेच: पाहा, मोजा, फोडू नका.

परवानगीचं सांगायलाच हवं. या खाणी मॉइल ही सरकारी कंपनी चालवते, तिचं मुख्यालय नागपुरात आहे. ही कंपनी 1962 ची, पण तिचं मूळ 1896 च्या ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातं. विभागाच्या लेटरहेडवरचं पत्र निदान महिनाभर आधी द्या, आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचं पूर्ण नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. एका गेटवर आमच्या दोघींना दीड तास बाहेर बसावं लागलं, कारण आमच्या यादीत टोपणनावं गेली होती. भूमिगत खाण पाहायची असेल तर ते पत्रात वेगळं मागा. आम्ही ते उशिरा मागितलं आणि चिखल्याच्या खाणीवर वरूनच शाफ्टचा, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या वाटेचा, सांगाडा पाहून परतलो. त्याची हळहळ अजून आहे.

ब्लास्टिंगची वेळ आत शिरतानाच विचारून घ्या आणि सायरन झाला की फोटोसाठी थांबू नका. सुरक्षा बूट मापाचे घरून न्या, खाणीतले उसने बूट मापाचे मिळतीलच असं नाही. मे महिन्यात जाऊ नका, विदर्भाचं ऊन चेष्टा नाही. पावसाळ्यात उघड्या खाणीत पाणी साचतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम, फक्त पहाटे थंडी चांगलीच असते. मुक्काम रामटेकला केलात तर मनसर अगदी जवळ पडतं.

सॅम्पल मुठीएवढंच घ्या. मी मोह आवरला नाही आणि परतीच्या गाडीत पिशवी उचलताना बंद तुटला. समोरच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, “काय बाप्पा, गोटेच नेतेस का घरी?” ते गोटे मी वर्तमानपत्रात गुंडाळले होते आणि चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. पुण्यात पोचेपर्यंत सगळी सरमिसळ. मार्करने आकडा थेट दगडावर टाका, काळ्या दगडावर पांढऱ्या रंगाने.