पंप थरथरत होता आणि तक्त्यात शून्य होते

रबाळ्याच्या एका कारखान्यातील पंपांच्या कंपनांचे विश्लेषण करण्याचे काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. १२ सेन्सर, प्रत्येकाच्या ३ दिशा आणि दर मिनिटाला एक सेकंदाची ४०९६ नमुन्यांची नोंद, त्यामुळे एका दिवसाच्या अ‍ॅरेचा (अनेक अक्षांवर, म्हणजे दिशांनी, मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्याचा) आकार १४४० × ४०९६ × १२ × ३ असा होता. प्रत्येक सिग्नलमधून मला आरएमएस (कंपनाची सरासरी तीव्रता), शिखरमूल्य, कर्टोसिस (सिग्नलमध्ये टोकाचे झटके किती आहेत याचे माप) आणि प्रमुख वारंवारता असे चार आकडे हवे होते. म्हणजेच ४०९६ आकड्यांचा सदिश, म्हणजे आकड्यांची यादी, घेऊन ४ आकड्यांचा सदिश परत देणारे एक फंक्शन ५१,८४० वेळा लावायचे होते.

नावावर विश्वास ठेवून मी आधी नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचे 'व्हेक्टराइज' वापरले. ते माझ्या फंक्शनला सिग्नल न देता एकेक सुटा आकडा देत राहिले. पूर्ण सिग्नल द्यायचा असेल तर 'सिग्नेचर', म्हणजे फंक्शन कोणत्या आकाराचे घेते आणि देते ते, सांगावी लागते आणि वेळेचा अक्ष शेवटी आणावा लागतो. म्हणून मी 'अप्लाय अलाँग अ‍ॅक्सिस'कडे वळले. त्याला कोणताही अक्ष चालतो आणि त्या अक्षाच्या जागी फंक्शनचे उत्तर येऊन बसते. १४४० × ४ × १२ × ३ असा नेमका आकार मिळाला, तेव्हा काम झाले असे मला वाटले.

तक्ता घेऊन मी कारखान्यात गेले, तेव्हा तिथले जुने फिटर म्हणाले, "मॅडम, या पंपावर हात ठेवून बघा. एवढा थरथरतोय, आणि तुमच्या कागदावर शून्य कसं?"

त्या रात्री कोपरखैरण्याच्या घरी मी एकेक सिग्नल स्वतंत्रपणे तपासला. फंक्शन एकटे चालवले की आरएमएस ०.८४ येत होता आणि अ‍ॅरेवर लावले की ०. उत्तरांसाठी जो अ‍ॅरे तयार होतो, त्याचा प्रकार (आकडे पूर्णांकी की दशांश) पहिल्या सिग्नलच्या उत्तरावरून ठरतो. आमच्या पहिल्या सेन्सरची तार सुटलेली होती आणि मृत सिग्नलसाठी माझे फंक्शन पूर्णांकी शून्ये परत देत होते. त्यामुळे सगळा अ‍ॅरे पूर्णांकी झाला आणि पुढच्या प्रत्येक उत्तराचा दशांश भाग कोणतीही सूचना न येता कापला गेला. नोंद एक सेकंदाची असल्याने वारंवारता ४९ हर्ट्झ अशी पूर्णांकीच येते आणि कर्टोसिस ३.४ चे ३ झाले तरी ते खरेच वाटते, म्हणून चार रकान्यांपैकी दोन पाहून मला शंका आली नव्हती.

शून्यांना दशांश प्रकार दिल्यावर उत्तरे बरोबर आली. तरीही ५१,८४० वेळा पायथॉनचे फंक्शन बोलावणे मला पटेना, कारण आतून ते साधे लूपच आहे. शिवाय या मांडणीत एका सिग्नलचे लागोपाठचे दोन नमुने स्मृतीत २८८ बाइट दूर पडतात, त्यामुळे ते वाचायला वेळ लागतो. 'मूव्हअ‍ॅक्सिस' वापरून वेळेचा अक्ष शेवटी आणला, पण ते फक्त पाहण्याचा क्रम बदलते, माहिती जागची हलत नाही. म्हणून त्यानंतर सलग प्रत करून घेतली आणि सरासरी, कमाल व फूरिए रूपांतर (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणारे) ही गणिते थेट शेवटच्या अक्षावर केली. चार उत्तरे 'स्टॅक'ने एका नव्या अक्षावर जोडली. पूर्ण दिवस एकदम घेतला तर मूळ अ‍ॅरेच १.७ जीबीचा, त्यात नुसत्या वर्गांसाठी तेवढीच आणखी एक प्रत लागते. तासातासाने घेतल्यावर प्रत्येक भाग सुमारे ७१ एमबीचा झाला.

नवा तक्ता फिटरांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी ०.८४ वर बोट ठेवले, शेजारच्या पंपाचा ०.३१ पाहिला आणि बेअरिंग उघडण्याच्या यादीत पहिल्या पंपाचा क्रमांक लिहिला.