कारखाना जातो, माणसे राहतात

जागतिकीकरणाची चर्चा बहुधा निर्यात, गुंतवणूक आणि वाढीचा दर यांच्याभोवतीच फिरते. चालू कारखाना एका देशातून उठून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा कोणत्या सरकारच्या कोणत्या निर्णयामुळे ते शक्य झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न कळीचा वाटतो, कारण उद्योगांच्या स्थलांतरात बाजाराइतकाच सरकारी धोरणाचाही हात असतो.

जर्मनीतील बोखुम हे शहर कोळशाच्या खाणींवर वाढले. तिथली शेवटची खाण १९७३ मध्ये बंद झाली. खाणी एकामागून एक मिटत असतानाच, १९६२ मध्ये, ओपेलचा मोटारींचा कारखाना आला आणि पुढे नोकियाचा फोनचा कारखाना उभा राहिला. त्या परिसरातून जाणाऱ्या लोहमार्गालाही कंपनीचेच नाव मिळाले होते. सरकारने या कारखान्याला कोट्यवधी युरोंचे अनुदान दिले आणि त्या बदल्यात ठरावीक नोकऱ्या टिकवण्याची अट घातली. मात्र त्या बंधनाची मुदत २००६ मध्ये संपली. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे २,३०० कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. कंपनी अडचणीत होती असेही नाही, आदल्या वर्षीचा तिचा नफा सात अब्ज युरोंहून अधिक होता.

उत्पादन गेले रुमानियातील जुकू या गावी. तिथे मजुरी जर्मनीच्या तुलनेत फारच कमी होती, रुमानिया २००७ मध्ये युरोपीय संघात दाखल झाल्याने जकातीचा प्रश्न उरला नव्हता आणि स्थानिक प्रशासनाने औद्योगिक वसाहत तयार करून दिली होती. पण सप्टेंबर २०११ मध्ये जुकूचा कारखानाही बंद होणार असल्याची घोषणा झाली. या वेळी सुमारे २,२०० कामगार रस्त्यावर येणार होते आणि काम आशियाकडे वळणार होते. एका सरकारने पैसे देऊन आणलेला रोजगार दुसऱ्या सरकारने सवलती देऊन ओढून घेतला आणि चार वर्षांच्या आत तो दोघांच्याही हातून निसटला. करदात्यांच्या पैशांवर चाललेल्या या चढाओढीचा मला मनापासून राग येतो.

कारखाना हलतो तेव्हा बातमीत फक्त त्याच्या हजेरीपटावरच्या कामगारांची संख्या येते. त्या एकाच गिऱ्हाइकासाठी साचे आणि सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार, माल वाहणारे ट्रकमालक, उपाहारगृहाचे कंत्राटदार यांची मोजदाद कुठेच होत नाही. छोट्या कारखानदाराने मोठ्या कंपनीच्या मागणीवर विसंबून कर्ज काढून यंत्र घेतलेले असते. कंपनी गेली तरी त्याचे हप्ते थांबत नाहीत आणि दुसऱ्या कोणासाठी ते साचे उपयोगाचे नसतात.

माणसे मागे राहतात, हे आता संशोधनातूनही पुढे आले आहे. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीच्या स्पर्धेमुळे अमेरिकेत २० ते २४ लाख रोजगार गेले, असा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे. एका भागातले काम गेले की लोक दुसऱ्या भागात जाऊन नवे काम शोधतील, हे अर्थशास्त्रातले जुने गृहीतक होते. प्रत्यक्षात बहुतेक जण तिथेच राहिले आणि त्या भागांतील रोजगार वर्षानुवर्षे सावरला नाही. घर, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा आणि हातात एकाच यंत्राचे कसब, एवढे सगळे असताना माणूस भांडवलाच्या वेगाने हलणार तरी कसा?

या व्यापाराने अनेक गरीब देशांत कोट्यवधी लोकांना पहिल्यांदा नियमित पगार मिळाला, हेही तितकेच खरे आहे. म्हणून सीमा बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप सरकारे जे करार करतात त्यांच्या घडणीवर आहे. अनुदान देताना नोकऱ्यांची अट पाच-सात वर्षांची असते, कारखान्याभोवती उभे राहणारे गाव मात्र दोन पिढ्यांचे असते. नोकियाने अखेर बोखुमसाठीच्या विकास कार्यक्रमाला २ कोटी युरो दिले, पण तेही वादावादीनंतर. ही रक्कम मूळ करारातच लिहिलेली असायला हवी होती.

२०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावण्याचे मान्य केले, हे मला आशादायक वाटते. करसवलतींच्या शर्यतीला त्यामुळे काही तळ मिळतो, पण रोख अनुदान आणि फुकट जमिनीच्या शर्यतीला अजूनही तो नाही. कामगारांना मिळणारी पूर्वसूचनाही अपुरी आहे. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना कारखाना बंद करण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. वीस वर्षे एकाच यंत्रावर काम केलेल्या माणसाला नवे कौशल्य शिकायला दोन महिने पुरत नाहीत. सार्वजनिक पैसा घेतलेल्या कंपनीने किमान वर्षभर आधी सूचना द्यावी, त्या वर्षात कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि तिच्यावर विसंबलेल्या छोट्या पुरवठादारांनाही त्या सूचनेत सामील करून घ्यावे, ही अट अनुदानाच्या पहिल्याच कागदावर असावी.