हलव्याचे दागिने, अकरा दिवसांचा सीझन आणि अडकलेली जाहिरात : माझा अनुभव

रथसप्तमी होऊन गेली, उरलेला हलवा डब्यात बंद झाला, तरी माझा राग उतरलेला नाही. म्हणून सगळं लिहून काढतेय. ज्यांचा धंदा एकाच सणावर आहे आणि जाहिरात मोबाइलवरूनच करायची आहे, त्यांना उपयोग होईल.

मी डोंबिवलीत घरून हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेला पूर्ण सेट, जावयाला हार, घड्याळ आणि नारळ, बोरन्हाणाला मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, बासरी. हा माल संक्रांत ते रथसप्तमी एवढाच खपतो. आणि हा काळ दरवर्षी सारखा नसतो, हे या धंद्यात नवीन येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. संक्रांत सूर्यावर ठरते, त्यामुळे ती 14-15 जानेवारी सोडत नाही. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे तिथीवर. 2024 ला ती 16 फेब्रुवारीला आली, महिनाभर हळदीकुंकवं चालली. 2025 ला 4 फेब्रुवारी. यंदा 2026 ला थेट 25 जानेवारी! मधे अकरा दिवस आणि रविवार दोनच. बोरन्हाणं बहुतेक घरांत शनिवार-रविवारच्या संध्याकाळी होतात, त्यामुळे दोन रविवार म्हणजे काय, हे मला कॅलेंडर बघताक्षणी कळलं होतं.

सोशल मीडियावर पेज तयार करणं, फोटो काढणं, रील करणं, यात काही अवघड नाही. फोटोसाठी एकच सांगते : पांढरा हलवा काळ्या कापडावरच ठेवा आणि खिडकीतल्या सकाळच्या उजेडात काढा. फ्लॅश मारला की हलव्याचे काटे दिसत नाहीत, आणि गिऱ्हाईक काटेच बघतं.

अडलं ते जाहिरातीपाशी. डिसेंबर संपता संपता मी पैसे भरले, मुकुटाचा फोटो लावला, आजूबाजूची शहरं निवडली. बटण दाबलं आणि लाल पट्टी आली : तुमच्या खात्यावर निर्बंध आहेत, ओळख सिद्ध करा. कारण दिलेलं नाही. मी लगेच आधार कार्ड चढवलं. उत्तर आलं, नाव जुळत नाही. जुळणार कसं? माझं खातं लग्नाच्या आधीपासूनचं, माहेरच्या आडनावाने. शाळा-कॉलेजच्या सगळ्या मैत्रिणी मला त्याच नावाने शोधतात आणि माझी पहिली गिऱ्हाइकं त्याच आहेत. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅन माहेरच्या नावाचं, म्हणून ते चढवलं, तर म्हणे पत्ता दिसत नाही. मग मॅरेज सर्टिफिकेट. तेही चाललं नाही. आपल्याकडे निम्म्या बायकांची कागदपत्रं अशी दोन नावांत विभागलेली असतात. इथे लाखो बायका घरून धंदा करतात आणि या सोशल मीडिया कंपनीला हे ठाऊक नसावं, याचा मला खरोखर संताप येतो.

प्रत्येक वेळी तेच वाक्य. ‘आपली विनंती तपासली जात आहे, साधारण 48 तास लागू शकतात.’ ज्याचा माल बारा महिने विकला जातो त्याला 48 तास काहीच नाहीत. माझ्या सीझनमधले ते दोन दिवस होते. बरं, बोलायला माणूस नाही. मदत दाबलं की प्रश्नांची यादी, यादीतला प्रश्न दाबला की पुन्हा मदत. चॅटमध्ये मशीन उत्तर देतं आणि धीर धरल्याबद्दल आभार मानतं. रात्री बारा-बारा वाजता एका हाताने कंबरपट्ट्याच्या कडेला हलवा चिकटवतेय आणि दुसऱ्या हाताने तेच पान खाली ओढून ताजं करतेय, असं चाललं होतं. शेवटी एकदा खरा माणूस आला. त्याने पट्टीचा स्क्रीनशॉट मागितला, जो मी पहिल्याच दिवशी पाठवला होता. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच 48 तास. तोवर संक्रांत उजाडली.

सुटलं ते उद्यम प्रमाणपत्रामुळे, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीच्या कागदामुळे. त्याच्यावर ब्रँडचं नाव आणि घरचा पत्ता, दोन्ही एकाच कागदावर असतात. ते चढवल्यावर निर्बंध उठले आणि दुसऱ्या रविवारच्या आधी जाहिरात एकदाची सुरू झाली. त्या संध्याकाळी फोन वाजायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणाऱ्या बऱ्याच खासगी साइट तशाच दिसतात, तिकडे जाऊ नका. आणि हे सगळं पडताळणीचं काम गणपतीच्या सुमारास उरकून घ्या. निर्बंध नसले तरी पन्नास-शंभर रुपयांची एखादी जाहिरात तेव्हाच चालवून बघा, म्हणजे काय अडणार ते आधीच कळेल.

जाहिरात बंद असताना मला तारलं ते माझ्या स्वतःच्या नंबरांच्या वहीने. मागच्या वर्षी ज्यांच्याकडे बोरन्हाण झालं त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट केला. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून मी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालते आणि नंबर सेव्ह करायला सांगते. शिवाय बाळाचा फोटो पाठवा अशी विनंती करते. ही युक्ती मला नवरात्रावरून सुचली. ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नऊ रंग रूढ केले, आणि आज ऑफिसातल्या, लोकलमधल्या बायका त्या त्या रंगाची साडी नेसून स्वतः होऊन फोटो टाकतात. सणात लोकांना स्वतःला दिसायचं असतं, आपला माल त्यांच्या अंगावर असला की झालं. यंदा माझ्याकडे आलेले व्हिडिओ किती गोड होते! पाटावर बसलेलं बाळ, डोक्यावर मुकुट, वरून बोरं, चुरमुरे आणि उसाचे तुकडे पडतायत, आणि बाळ कंबरपट्ट्याचा हलवा तोडून तोंडात घालतंय. त्या एका व्हिडिओवरून जेवढी विचारणा झाली तेवढी माझ्या कुठल्याच फोटोवरून झाली नाही. पण बाळाचा चेहरा टाकताना आईवडिलांची परवानगी लेखी मेसेजमध्ये घ्या. तोंडी नको.

आठवलं म्हणून सांगते, जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशोब करा. व्हिडिओला सिनेमातलं गाणं लावू नका, धंद्याच्या खात्यावर बरेचदा आवाज बंद केला जातो. मी आजीच्या आवाजातली ओवी रेकॉर्ड करून लावली, लोकांना ती फारच आवडली. परदेशातल्या ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेऊ नका. आणि ऑर्डर बंद करण्याची तारीख पहिल्या पोस्टमध्येच मोठ्या अक्षरांत लिहा. डोंबिवलीच्या दमट हवेत हलव्याला पाणी सुटतं, त्यामुळे शेवटच्या घाईत केलेला दागिना वाटेतच चिकट होतो. मी रथसप्तमीच्या तीन दिवस आधी घेणं थांबवते, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.