व्हॅलग्राइंडची खोटी बोंब
नागपुरातलं ऊन बाहेर, व्हॅलग्राइंड (प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं टूल) आत. दोघांनीही आज डोकं तापवलं. "अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू", म्हणजे काहीच न भरलेली मेमरी वापरल्याच्या वॉर्निंगचा पाऊस, अन् आमच्या कोडात काहीच नाही! स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ती यादी) तळापर्यंत वाचल्यावर कळलं, बाहेरची लायब्ररी वेगासाठी स्ट्रिंग १६-१६ बाइट उचलते, टोकापलीकडचंही. निकाल बरोबरच येतो, व्हॅलग्राइंड मात्र बोंबलतं.

ज्युनिअर म्हणे, "दादा, सगळ्याच वॉर्निंग सप्रेस करू, दाबून टाकू ना!" काऊन बाप्पा? २००६ मध्ये डेबियनवाल्यांनी (लिनक्सचा एक प्रकार) अशीच वॉर्निंग गप्प करायला ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतल्या ओळी काढल्या. गुप्त किल्ल्या बनवायला लागणारा रँडमपणा उरला तो जवळपास प्रोसेस आयडीपुरता (चालू प्रोग्रामचा नंबर), जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. किल्ल्या ओळखता येतात हे २००८ मध्ये उघडकीस आलं.

म्हणून सप्रेशन फाइलमध्ये फक्त त्या एका फंक्शनचा ब्लॉक टाकला, वर कारणाची कमेंट. बाकीच्या वॉर्निंग उद्या.