यीस्टचा तुटलेला डीएनए : जर्मनीतून वऱ्हाडच्या पोट्ट्यांसाठी

इथल्या प्रयोगशाळांत यीस्टचा डीएनए मुद्दाम तोडतात आणि पेशी तो कसा सांधते ते तासातासाला तपासतात. दारव्हा-पुसदकडे बीएस्सी करणाऱ्यांना पुस्तकात याची एक आकृती मिळते, प्रयोग मिळत नाही. म्हणून हा तपशील.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की माणसाची पेशी बहुतेकदा टोकाला टोक चिकटवून मोकळी होते. यीस्ट शक्यतो नक्कल करून दुरुस्त करतं. घरचा सातबारा फाटला की तलाठ्याकडच्या नोंदीवरून नवा उतरवून घ्यावा, तसं. सगळ्यात सोयीची नक्कल म्हणजे डीएनए दुप्पट झाल्यावर शेजारीच असलेली जुळी प्रत. पेशी त्याआधीच्या टप्प्यात असेल तर तुटलेली टोकं नीट तासलीच जात नाहीत, आणि तासल्याशिवाय नक्कल सुरू होत नाही.

तासण्याची सुरुवात एमआरई11, राड50 आणि एक्सआरएस2 हे प्रथिनांचं त्रिकूट करतं. एक धागा कुरतडला जातो, दुसऱ्याची शेपटी उघडी पडते. तिच्यावर आधी आरपीए नावाचं प्रथिन बसतं. ते बाजूला सारून राड51 या प्रथिनाची माळ गुंफायचं काम राड52 या प्रथिनाचं. ही माळ जुळणारा मजकूर शोधून त्यात घुसते आणि पुढची नक्कल सुरू होते. दोन्ही धाग्यांच्या तुटीपासून सुरू होणारं हे प्रारूप शोस्टॅक, ऑर-वीव्हर, रॉथस्टीन आणि स्टाल यांनी 1983 मध्ये मांडलं. माणसात राड51 बसवण्याचा मुख्य भार बीआरसीए2 वर असतो. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाच्या संदर्भात ऐकू येतं ते हेच नाव.

आता प्रयोगशाळेत डीएनए हवा तेव्हा तोडायचा कसा? खरी मेख साखरेत आहे. एचओ नावाचं कात्री-एन्झाइम तिसऱ्या गुणसूत्रावर मॅट या एकाच जागी कापतं. त्याचं जनुक गॅलॅक्टोजवर चालू होईल असं बसवलेलं असतं. पेशी रात्रभर 2 टक्के रॅफिनोज या दुसऱ्या साखरेत, 30 अंशांवर वाढवायच्या, मग 2 टक्के गॅलॅक्टोज घालायचं. तासाभरात बहुतेक पेशींत काप पडतो. आधीच्या माध्यमातलं ग्लुकोज उरलं असेल तर काप पडतच नाही, कारण ग्लुकोज ते जनुक दाबून ठेवतं. उलट, काप पडल्यावर ग्लुकोज घालायला विसरलात तर सांधलेली जागा कात्री पुन्हा कापते आणि दुरुस्ती झाली की नाही तेच कळत नाही.

राड52 नसलेलं यीस्ट ओळखायला दहापट-दहापट पातळ केलेले थेंब एमएमएस या डीएनएला इजा करणाऱ्या रसायनाच्या प्लेटवर टाकतात. साधं यीस्ट उगवतं, हे जवळपास नाही. एमएमएस पाण्यात विघटित होतं, म्हणून प्लेट ताजीच हवी. ते विषारी आहे आणि कर्करोगाचा धोका असलेलं आहे. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नसलेल्या कॉलेजात ते आणूच नये.

त्याऐवजी अतिनील दिवा वापरावा वाटेल. पण त्याने होणारी इजा यीस्ट मुख्यतः वेगळ्या मार्गाने, खराब तुकडा कापून काढून, भरून काढतं. शिवाय प्लेट उजेडात राहिली तर फोटोलायेज हे एन्झाइम प्रकाशाच्या जोरावर ती इजा परस्पर मिटवतं. म्हणून प्लेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. मे महिन्यात अकोल्यात खोलीचंच तापमान 40 च्या वर जातं, तिथं यीस्ट आधीच आजारी पडतं. इथं इनक्यूबेटर ऊब द्यायला लागतो, आपल्याकडे उन्हाळ्यात थंड करणाराच घ्यावा. दुकानातल्या पुडीतल्या यीस्टवर राड52 चा प्रयोग होणार नाही. त्यात बहुधा गुणसूत्रांच्या दोन किंवा जास्त प्रती असतात, त्यामुळे एक जनुक बिघडलं तरी दुसरं काम निभावून नेतं. त्यासाठी एकपट गुणसूत्रांचा प्रयोगशाळेतला वाणच मागवावा लागतो.