सणाआधीचा पंधरवडा : कमी किमतीची प्रसाधनं आणि हातची सजावट

स्वस्त क्रीम चेहऱ्यावरून गोळे होऊन निघालं किंवा कागदी चांदणी टांगल्यावर दुसऱ्याच दिवशी वाकली, की बोल लागतो तो किमतीला. बहुतेक वेळा किंमतीचा त्यात काही दोष नसतो. क्रीम गरजेपेक्षा जास्त घेतलेलं असतं, खालचा थर मुरायच्या आत वरचा लावलेला असतो. चांदणीला गोंद भरपूर थापलेला असतो आणि तो ओला असतानाच ती वर गेलेली असते. मात्रा आणि वेळ सांभाळली तर थोड्या पैशांत दोन्ही कामं छान होतात. त्यासाठी निदान पंधरा दिवस आधी हात घालायला हवा, आणि सुरुवात चेहऱ्यापासून करावी, कारण त्वचेला कागदापेक्षा जास्त दिवस लागतात.

आधी कोपर, मग चेहरा

नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा लावा आणि हे सात ते दहा दिवस करा. फेसवॉशसारखी धुवून टाकायची वस्तू असेल तर नेहमी चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणजे ती सोसली, असं नसतं. लगेच होणारी चरचर हा दाह असतो. ॲलर्जीची खाज आणि पुरळ उठायला दोन-चार दिवस जाऊ शकतात. म्हणूनच सणाच्या आदल्या दिवशी नवं क्रीम उघडू नये, कितीही चांगलं असलं तरी. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही.

किमतीपेक्षा घटकांची यादी वाचा. बहुतेक देशांत ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. १ टक्क्याच्या खालचे घटक मात्र कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेघ ओळखायची एक सोपी खूण आहे : फिनॉक्सीइथेनॉल. हे प्रसाधन टिकवण्यासाठी घालतात आणि युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत मोती, केशर किंवा एखाद्या दुर्मीळ फुलाचा अर्क लिहिलेला असेल आणि यादीत तो फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर असेल, तर तो चिमूटभरच आहे. उलट पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर कोरड्या त्वचेचं काम चोख करतं. ग्लिसरीन हा अगदी स्वस्त घटक आहे आणि पाणी धरून ठेवण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. पेट्रोलियम जेलीचंही तेच. ती ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. म्हणून ती तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच लावायची, आणि तांदळाच्या दाण्याएवढी ओठांना पुरते.

मात्रा कमी पडून फसणारी एकच मोठी वस्तू म्हणजे सनस्क्रीन. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मानेसाठी हे प्रमाण साधारणपणे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघांइतकं येतं. बरेचजण याच्या निम्म्याहून कमी लावतात. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील) किरणं अडवतं, त्यामुळे महागडं ५० जपून जपून लावण्यापेक्षा स्वस्तातलं ३० सढळ हाताने लावलेलं कधीही चांगलं. फक्त त्यावर यूव्हीए (त्वचेत खोल जाणारी अतिनील किरणं) संरक्षणाचा उल्लेख आहे ना, ते पाहा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

स्वस्ताईला मी जिथे ठाम नकार देईन ती जागा म्हणजे लेबल नसलेली रंग उजळवणारी क्रीम्स. काहींमध्ये पारा असतो, काहींमध्ये तीव्र स्टेरॉइड. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारात १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त पारा असलेली अशी क्रीम्स बंद करायला २०२० ची मुदत होती. २०२३ मध्ये ती १ पीपीएमची सवलतही काढून टाकायचं ठरलं. तरी ती विकली जातात. घटकांची यादी नसणं, उत्पादकाचं नाव नसणं, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असणं, या धोक्याच्या खुणा आहेत.

घरगुती उपायांतही दोन गोष्टी टाळाच. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल) २ च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड आणि काळे डाग पडू शकतात. खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८ च्या वर जातं, तर निरोगी त्वचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असते. सोडा सजावटीसाठी ठेवा. पुढे त्याचा फार सुंदर उपयोग आहे.

रंगप्रसाधनांत बहुतेक तक्रारी घाईच्या असतात. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि फाउंडेशन यांत प्रत्येकी चार-पाच मिनिटांचं अंतर ठेवलं आणि चोळण्याऐवजी थोपटून लावलं, तर गोळे येणं जवळजवळ थांबतं. फाउंडेशनची छटा मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून पाहावी, पंधरा मिनिटं थांबावं आणि मग दिवसाउजेडी आरशात बघावं. कित्येक फाउंडेशनं हवेशी आणि त्वचेच्या तेलाशी संबंध आला की गडद होतात. मॅट लिपस्टिकमधला पातळ द्रव उडून जातो आणि रंग ओठावर घट्ट बसतो. म्हणून दहा मिनिटं आधी बाम लावून तो टिपून घ्यावा, मग रंग, मग कागदावर ओठ दाबून पुन्हा एक पातळ हात. नेलपॉलिशचे तीन पातळ हात द्यावेत, मध्ये निदान दोन-तीन मिनिटं. एकच जाड हात दिला तर वरची साय आधी वाळते, आतला द्रव बाहेर पडताना बुडबुडे येतात.

कागद आणि गोंद

अगदी हाच बुडबुड्यांचा न्याय गोंदाला लागू आहे. पांढऱ्या गोंदात साधारण निम्मं पाणी असतं. ते कागदाच्या तंतूंनी शोषलं की तंतू फुगतात आणि कागद लाटा धरतो. गोंद थेट बाटलीतून ओतू नका. झाकणात थोडा घेऊन जाड कार्डाच्या तुकड्याने पातळ फासा, चिकटवून झालं की वजनाखाली तासभर ठेवा. पतंगी कागद, क्रेप अशा पातळ कागदाला गोंदाची कांडीच बरी.

कागदाला दिशा असते. न मोडता तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिकडे तो सहज वाकतो तिकडे घडी स्वच्छ पडते, दुसरीकडे ती फाटल्यासारखी दिसते. जाड कार्डावर आधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ ओढून घ्या आणि मग दुमडा.

मोठ्या सहा पाकळ्यांच्या चांदणीसाठी ८० ते १२० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या कागदाचे), १५ सेंमी बाजूचे सहा चौरस लागतात. चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करा, तो पुन्हा मधोमध दुमडा. आता या लहान त्रिकोणाच्या तीन कडा नीट पाहा. लांब कडा उघडी आहे. आखूड कडांपैकी एकीवर दोन घड्या एकावर एक आहेत, दुसरीवर सगळे थर एकत्र मुडपलेली एकच जाड घडी आहे. कात्री दोन घड्यांच्या कडेकडून घालायची आणि उघड्या कडेला समांतर, तिच्यापासून १.८, ३.६ आणि ५.४ सेंमीवर तीन काप द्यायचे. प्रत्येक काप जाड घडीच्या ४-५ मिलिमीटर आधी थांबला पाहिजे. तेवढं सोडलं नाही तर चौरसाचे सुटे तुकडे होतात. कात्री चुकीच्या कडेने घातली तरी आकार येत नाही, म्हणून पहिला चौरस रद्दी कागदाचा घ्या.

उलगडल्यावर एकात एक चौकोन दिसतील. सर्वांत आतल्या चौकोनाची सुटी दोन टोकं एकमेकांवर आणून नळी करा आणि चिकटपट्टी लावा. कागद उलटा करा, पुढची दोन टोकं दुसऱ्या बाजूला जोडा. पुन्हा उलटा, पुन्हा जोडा. चौथी जोडी म्हणजे मूळ चौरसाचे कोपरे. उलटं करायचं विसरलं की पाकळीला पीळ येत नाही, ती नुसती फुगीर होते. अशा सहा पाकळ्या झाल्या की तीन-तीनच्या दोन जुड्या टोकाशी स्टेपल करा, मग दोन्ही जुड्या एकत्र स्टेपल करा. शेवटी शेजारच्या पाकळ्या जिथे फुगवट्याला एकमेकींना टेकतात तिथेही एकेक स्टेपल. ही शेवटची जोडणी सोडली, तर चांदणी एका बाजूला लोंबते. तयार चांदणी सुमारे ४० सेंमी रुंद होते, त्यामुळे भिंतीवर तेवढी जागा आहे का ते आधी मोजा.

चुणीदार चक्र त्यामानाने सोपं आहे. ए४ कागद लांबीत अर्धा कापून मिळणाऱ्या १०.५ सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या टोकाला टोक जोडा आणि दीड सेंमीच्या चुण्या घाला, मग दोन्ही टोकं जोडून कडं करा आणि ते दाबून चक्रासारखं सपाट करा. दोनच पट्ट्या घेतल्या तर लांबी परिघाला पुरत नाही. मधोमध मागून पुढून कार्डाची चकती ग्लू गनने लावून अर्धा मिनिट दाबून धरा.

आता सोडा. २ वाट्या खाण्याचा सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर आणि सव्वा वाटी पाणी मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की लगेच उतरवा. जास्त आटलं तर लाटताना भेगा पडतात. ओल्या फडक्याखाली निवू द्या, मळा, दोन कागदांमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा, आकार कापा आणि स्ट्रॉने भोक पाडा. जाळीवर सावलीत २४ ते ४८ तास वाळवायचं, दर काही तासांनी पालटत. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलं की वरची बाजू आधी आकसते आणि तुकडा वाकतो. वाळल्यावर हे पांढरेशुभ्र, मऊ चकाकीचे तुकडे रंग न देताच लोकरीच्या दोऱ्यात ओवलेले जास्त देखणे दिसतात, असं माझं मत.

माळेसाठी दोरा भिंतीच्या रुंदीच्या सव्वापट घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या भोकातून दोनदा काढा, म्हणजे तुकडे मध्यभागी घसरून जमा होत नाहीत. कागदी कंदिलात किंवा चांदणीमागे फक्त एलईडीची माळ. मेणबत्ती नाहीच, आणि जुने तापणारे बल्बही नाहीत. घराबाहेर लावायची असेल तर निदान आयपी४४ (पाण्याचे शिंतोडे सोसणारी) असं लिहिलेली घ्या.

दोन्हीकडच्या वस्तू एकत्र आल्या की

जुनं नेलपॉलिश मण्यांवर, कवड्यांवर, काचेवर छान बसतं, पण थर्मोकोलला लागलं की ते विरघळतं. त्यातले विद्रावक आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन थर्मोकोल खाऊन टाकतात. आधी पांढऱ्या गोंदाचे दोन हात देऊन पूर्ण वाळवा. ग्लू गनही कमी तापमानाची हवी.

सजावटीची चकचकी (ग्लिटर) चेहऱ्यावर कधीही लावू नका. ती धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या धारदार कणांची असते आणि एक कण डोळ्यात गेला तर बुब्बुळाला ओरखडा येऊ शकतो. चेहऱ्यासाठी प्रसाधन म्हणून विकलेली, डोळ्यांजवळ चालेल असं लिहिलेलीच वापरावी, किंवा अभ्रकाची बारीक पूड.

कागद आणि गोंद हातांचं तेल शोषतात. काम सुरू करण्याआधी मात्र क्रीम लावू नका. कागदावर तेलकट बोटं उमटतात आणि गोंद धरत नाही. काम संपल्यावर वाळलेला पांढरा गोंद सोलून काढा, कोमट पाण्याने धुवा आणि ओलसर हातांवरच जाडसर क्रीम लावा. गरम गोंदाचा थेंब पडला तर ओढू नका, हात वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरताना सुती हातमोजे घालू नका; सुताशी त्याची वेगाने रासायनिक क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. हातावरची चकचकी पाण्याने पसरते, चिकटपट्टीने एकदम निघते, आणि ती पट्टी कचऱ्यात टाकता येते म्हणून कण मोरीतही जात नाहीत.

सण झाल्यावर चांदण्यांच्या स्टेपल काढून पाकळ्या सपाट न करता उभ्या खोक्यात ठेवा, सोड्याचे तुकडे कागदात गुंडाळून कोरड्या जागी. उघडलेल्या डब्यांवर तारीख लिहा. झाकण उघड्या डबीच्या खुणेत ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. मस्कारा तीन महिन्यांत टाकून द्यावा, अर्धा उरला असला तरी.